राख उडवून पाहणारे भाऊ

नरडाण्याच्या आमच्या चाळीतले शेजारी, मी त्यांना भाऊ म्हणते, रविवारी डुकराच्या पाठीचं मटण आणतात. त्याला मीठ, हळद, लसूण चोळतात आणि अंगणातल्या चुलीपाशी बसून चिमूटभर राख उडवतात. राख आमच्या माळकरी घराकडे गेली, तर वारा फिरेपर्यंत चूल पेटत नाही. शिजलेला तुकडाही ते लगेच कापत नाहीत. "आत्तेच कापं तं बठ्ठा रस निंघी जाई," म्हणतात.

गेल्या रविवारी दुपार झाली तरी वारा फिरेना. न राहवून मीच अंगणात गेले.

"भाऊ, पेटवा आता. कसं करता ते मला बघायचंय."

ते हसले. "थांब अक्का," म्हणून उठले, मी उघडं टाकलेलं माझं दार ओढून त्याला कडी लावली आणि मगच काडी ओढली.