पावणेदोन मैलांचा वाद

घोड्याचे पाय सोडून जगात बघण्यासारखं दुसरं काही आहे, हे आमच्या मामेसासऱ्यांना कुणीही पटवून देऊ शकलं नाही. माझ्या वरातीत सगळे नवरदेवाकडे बघत होते. हे, म्हणजे माझ्या बायकोचे मामा, खाली वाकून घोडीचे गुडघे चाचपत होते. बँड थांबवून त्यांनी जाहीर केलं, “घोडी थकी गई, जवाईबापू. उतरा खाले.” सुरतेतल्या उधन्याच्या भर रस्त्यात मी फेटा सावरत उतरलो आणि मांडवापर्यंत पायी गेलो. शेजारून घोडी रिकाम्या पाठीने ऐटीत चालली होती आणि तिचा लगाम मामांच्या हातात होता. वरातीच्या फोटोत नवरदेव नेमका कोण, असं पाहुणे अजून विचारतात.

तरुणपणी ते पुण्याला रेसच्या घोड्यांचे मोतद्दार होते. घोड्यांना खरारा करायचा, चारा-पाणी बघायचं आणि रात्री त्यांच्याच शेजारी झोपायचं. ते सोडून सुरतेला आले आणि उरलेली नोकरी कापडाच्या लूमवर काढली. लग्न केलं नाही. खोलीत खाट, स्टोव्ह आणि भिंतीवर जुन्या कॅलेंडरांतले घोडे. शेजारीपाजारी लूमच्या पाळ्यांविषयी, गावाकडच्या लग्नांविषयी बोलत बसलेले असायचे, आणि मामा मध्येच म्हणायचे, “पण पावणेदोन मैल फार होतात.” मग सगळे हळूहळू आपापल्या कामाला उठायचे.

त्यांचं म्हणणं असं, की हल्लीचा घोडा नुसत्या वेगासाठी पैदा केलेला, हाडं बांगडीसारखी. तेव्हा दोन वर्षांच्या शिंगराला पळवू नये आणि जुन्या काळी ठरलेल्या पावणेदोन मैलांच्या लांब शर्यती आता आखूड कराव्यात. याविषयी ते दर महिन्याला रेसवाल्यांना पोस्टकार्ड लिहीत. उत्तर कधी आलं नाही. तरी पोस्टमन दिसला की विचारायचे, “पुण्याचं काही?”

सबंध सुरतेत त्यांचं ऐकून घेणारा एकच माणूस होता, आणि त्याला ते अजिबात मान्य नव्हतं. नानपुऱ्यातले एक निवृत्त पारशी टायपिस्ट, तेही एकटेच. दर रविवारी सकाळी मामा इस्त्रीचा सदरा घालून त्यांच्याकडे भांडायला जायचे. चौऱ्याण्णवच्या प्लेगच्या दिवसांत अर्धं उधना आपापल्या गावी, खानदेशात पळालं. आम्हीही निघालो, मामांना चला म्हणालो, तर म्हणाले, “परवा रविवार आहे.”

मी एकदा त्यांच्याबरोबर गेलो होतो. मामा पाणी आणायला आत गेले तेव्हा त्या गृहस्थांनी हळू आवाजात सांगितलं, की मामांच्या हातची एक घोडी लांब शर्यतीच्या शेवटच्या वळणावर पाय मोडून पडली होती. तिला तिथेच मारावं लागलं. त्यानंतर मामा पुण्यात राहिले नाहीत. “पण वाद तो वाद,” गृहस्थ म्हणाले, आणि मामा बाहेर येताच गरजले, “शुं वात करो छो! शर्यत नाय बदलायची!”

दोनेक वर्षांनी ते गृहस्थ वारले. पुढच्या रविवारी सकाळी मामा इस्त्रीचा सदरा घालून आमच्या दारात उभे.

“जवाईबापू, शर्यत लांबच ठेवा असं म्हणा.”

“लांबच ठेवा,” मी म्हणालो.

“का?”

“जुनी पद्धत आहे म्हणून.”

त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. “असं नाही. ते म्हणायचे...” आणि मामा उठले, हात मागे बांधून, मान ताठ करून त्या गृहस्थांच्या आवाजात बोलू लागले, “अरे, आज शर्यत आखूड केली तर उद्या लोक आणखी नाजूक घोडे पैदा करतील. मग परत आखूड करणार? किती? फाटकापर्यंत? दोष अंतराचा नाय, मालकांच्या घाईचा!”

“मग यावर तुमचं उत्तर काय?” मी विचारलं.

मामांनी मागे बांधलेले हात सोडले. मग खुर्चीत बसून म्हणाले, “यावर मला कधीच उत्तर सुचलं नाही. म्हणून तर पुढच्या रविवारी परत जायचो.”

त्यानंतर कितीतरी रविवार ते आमच्याकडे आले. मामांनी शिकवलेलं मी बोलायचो, मध्येच विसरायचो, आणि माझं मन राखावं म्हणून मामा मुकाट्याने हरायचे.