ओढ्यातली माती

पाटलानं माझ्या बापाला फसवलं. भर पावसात, बापाच्याच हातात पहार देऊन.

पवना नदीला मिळणारा आमचा ओढा म्हणजे नुसता खडक. गावानं महारांना तोच दिला. आज्यानं त्यात आडवी दगडाची ताल घातली. दर पावसाळ्यात वरून गाळ यायचा आणि तालीला अडायचा. आधी आज्या, मग बाप, दगडावर दगड चढवत गेले. खडकावर पुरुषभर माती झाली. त्यात भात डोलू लागला, तशी पाटलाची नजर गेली.

एका उन्हाळ्यात पाटलानं आमच्या खाली, स्वतःच्या रानात, नवी उंच ताल घातली. वेठीला आम्हीच. दगड मीही वाहिले. ताल कशासाठी, कोणी विचारलं नाही.

आषाढात ओढा फुगला. पाटील छत्री घेऊन बांधावर आला.

"ताल फोड. पाणी तुंबून तुमच्या घरात शिरंल. पोरं बुडतील."

"माती जाईल, पाटील."

"माती हितंच ऱ्हाती रं. पाणी तेवढं जाईल."

बापानं ताल फोडली. सकाळी आमच्याकडं खडक होता. पाटलाच्या तालीमागं आमची माती निवांत बसली होती.

बाप ती मागायला गेला. पाटील ओट्यावर, भोवती चारचौघं. त्यानं चिखलाचा गोळा बापाच्या तोंडावर मारला.

"ही घे तुझी. बाकीची वळखून काढ."

माणसं हसली. बापानं वाकून जोहार घातला आणि मागं फिरला. तो जोहार मला चिखलाहून जास्त लागला.

पुढं पिंपरीत कारखाने उभे राहू लागले. पाटलाच्या रानात वीटभट्टी लागली. माती तुडवायच्या कामावर मी.

"तुझ्या आज्याची हाय," पाटील म्हणाला. "नीट तुडव."

मी चिखलातून पाय काढले.

"न्हाई तुडवणार."

"मग खाशील काय?"

"काय बी खाईन."

जोहार घातला नाही. पाठ दाखवून निघालो.

नंतर मी विटावाळूचे सौदे करून उभा राहिलो. आमची माती कारखान्यांच्या भिंतींत गेली. पाटलाच्या रानात खड्डा उरला. वर पाणी अडवायला ताल नाही, खाली पाटलाची अजून उभी. पावसाळ्यात पाणी तुंबतं आणि आमच्या वस्तीत शिरतं. बापाला दाखवलेली भीती अशी खरी झाली.

पाटलाचा नातू परवा म्हणाला, "झालं गेलं सोडा, राव."

सोडत नाही. पुरुषभर माती त्या खडकावर परत घाला. नाही जमत, तर पाटलाच्या घरातल्या कोणीतरी त्याच बांधावर, गावासमोर उभं राहून सांगावं, ताल कोणी फोडायला लावली आणि का. यात घासाघीस नाही. मी बांधावर उभा आहे.