राजेश्रीचे खांदे

सोनपेठ तालुक्यातल्या आसाराम आणि धुरपदाबाई या ऊसतोड करणाऱ्या जोडप्याची राजेश्री परभणीला शेतकी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. पोरगी हुशार, पण जिवाला स्वस्थता म्हणून नाही. कारण काय, तर खांदे! होस्टेलच्या अरुंद आरशात ते मावतच नसत. डावा दिसला की उजवा बाहेर.

बारावीच्या वर्षी बापाची कंबर धरली, तेव्हा सुट्टीत तिनं आईबरोबर उसाच्या मोळ्या वाहिल्या होत्या. तिथंच सगळा घोटाळा झाला, असं तिला वाटे. तिच्या खोलीत राहणारी अपेक्षा नावाची मुलगी काकडीच्या फोडींवर जेवण उरकायची आणि फोटोतले दंड बारीक करून मगच स्टेटसला टाकायची. कॉलेजातली पोरं जिममध्ये घाम गाळून जे मिळवायला बघत होती, ते हिला फुकटात मिळालं होतं, आणि हिला तेच नको होतं.

गोळाफेक करताना मात्र हे खांदे तिला सलत नसत. गोळा मानेला टेकवला की डोकं शांत व्हायचं. विद्यापीठाच्या संघात जायचंच, असं तिच्या मनानं घेतलं होतं. क्रीडाशिक्षक योगीराज सरही म्हणाले होते, "तुझं नाव नक्की समज." पण एका सरावाला कट्ट्यावरची पोरं "पैलवान आली रे!" म्हणून ओरडली आणि तिच्या डोक्यात भलतंच शिरलं. संघात जायचं, पण बारीक होऊन. या पोरीला कोण समजावणार? तिनं भाकरी सोडली. पाणी पिऊन पडायची, झोप कसली लागते, नुसती कूस बदलत राहायची.

निवडीच्या दिवशी ती उपाशीपोटीच मैदानात उतरली. पहिला गोळा जवळच पडला, दुसराही. तिसऱ्याला डोळ्यांपुढं अंधारी आली आणि ती खालीच बसली. संघात दुसरीच मुलगी गेली. सर रागावले नाहीत, तेच तिला जास्त लागलं.

राग कुणावर तरी काढायला हवा होता. रविवारी तिनं एसटी धरली आणि गंगाखेडजवळच्या फडावर आई ऊस तोडत होती तिथं गेली. धुरपदाबाई बांधावर टेकली होती. उसाच्या धारदार पाचटानं हात कापू नयेत म्हणून साडीवर घातलेला नवऱ्याचा जुना शर्ट तिनं उकाड्यानं काढून ठेवला होता. लेकीला बघून ती हरखली आणि लगेच चपापली.

"आगं राजे, किती वाळलीस! आजारी हायस का? जेवायलीस का न्हाई?"

"मला काई झालं न्हाई."

"मंग अशी का दिसायलीस?"

झालं, राजेश्रीचा तोल सुटला. "तुझ्यामुळं! हे खांदे तुझ्यावर गेलेत माझे. बाईमाणसाचे असतेत का असे? पोरं पैलवान म्हनायलेत मला!"

जन्मात कधी धुरपदाबाईनं स्वतःच्या खांद्यांकडं पाहिलं नव्हतं, ते आता पाहिलं. मग तिनं हळूच शर्ट उचलला, भर उन्हात अंगात घातला आणि गळ्यापर्यंत बटणं लावली.

राजेश्रीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती घाईनं पुढं झाली आणि तिनं बांधाजवळच्या उसाच्या मोळीला हात घातला. "माय, सोड. मी नेते."

"नगं," तिचा हात बाजूला सारत धुरपदाबाई म्हणाली. "तुझे आनखी रुंद व्हतील."

आणि मोळी डोक्यावर घेऊन ती ट्रॅक्टरकडं चालू लागली.