रडण्याचं काम

आधी ते चष्मा काढायचे. घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवायचे आणि पंजा समोर धरून म्हणायचे, "थांबा, येतंय." मग समोरच्यानं थांबायचं. येणार असायचं ते रडू, आणि एकदा आलं की दहा मिनिटं तरी जात नसे.

तुमच्या चाळीतही एखादा भांडखोर असेल, एखादा फुकट्या असेल. आमच्या घोडपदेवच्या चाळीत हे होते. नगरकडचा ख्रिस्ती माणूस, अंगानं धिप्पाड, मिशा झुबकेदार, आणि मिलच्या साचेखात्यात कापड विणायचे चार साचे एकटा चालवणारा. पण दुसऱ्या कुणाला लागलंखुपलं की डोळे ह्यांचे भरायचे. चाळीतली पोरं त्यांना 'पाणीखातं' म्हणत. ते ऐकून ते हसत, आणि हसतानाही थोडं रडत.

शेजारच्या मुलीच्या लग्नात पाठवणीच्या वेळी ते असे काही रडले की नवऱ्या मुलाच्या आजोबांनी त्यांनाच मिठी मारली आणि पोरीला सुखात ठेवू असा शब्द दिला. खरे वडील बाजूला हार धरून उभे. पुढं कित्येक महिने ते ह्यांच्याशी बोलत नव्हते. रविवारी टीव्हीवर सिनेमा लागला की खलनायक मेल्यावर सगळी खोली टाळ्या वाजवायची आणि हे चष्मा काढायचे. "त्यालाही आई असेल की," म्हणायचे.

माझे बाबा त्याच खात्यात जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम होते. आम्ही मालवणकडचे; बाबांचा आवाज साच्यांच्या खडखडाटावरून ऐकू जायचा. एखाद्या नव्या कामगारानं ताण्याचा धागा तोडला की बाबा त्याला फैलावर घेत, आणि पलीकडे ह्यांच्या डोळ्यांना धार लागे. मग बाबांची शिवी तोंडातच राही. शेवटी बाबांनी त्यांना पार कोपऱ्यातले साचे दिले. तरी ते मान वाकडी करून बघत आणि रडतच.

ह्या सगळ्याची त्यांना मनापासून लाज वाटे. रोज सकाळी प्रार्थनेत ते देवाला सांगत, बापा, एवढं हे काढून घे. चर्चमध्ये उपदेश चालू असताना रडणं एक वेळ ठीक, पण हे छपराच्या दुरुस्तीची सूचना वाचली तरी रडत. शेवटी पाळकसाहेबांनी त्यांना बाजूला घेतलं. म्हणाले, "देव काढून घेत नाही, म्हणजे त्याला त्यातून काही काम करून घ्यायचं असेल. वाट बघा." ते हिरमुसले होऊन आमच्याकडे आले. "जॉबर, मिलमध्ये एवढी वर्षं काढली. रडायचं खातं काय कुठं दिसलं नाही बुवा."

मग संप झाला. तेव्हा मी अकरावीत होते. संप मागे घेतला असं कुणी सांगितलंच नाही, पण हळूहळू काही जण कामावर गेले, काही गावी गेले, आणि आमच्या मिलचं फाटक काही उघडलं नाही. बाबा बोलायचे थांबले. कॉमन गॅलरीत पाय पसरून बसायचे आणि मिलच्या चिमणीकडे बघायचे. ताट पुढं ठेवलं की दोन घास खाऊन बाजूला सारायचे. तीन आठवडे त्यांनी आम्हां कुणाशी शब्द काढला नाही. युनियनचे लोक समजावून गेले, मामा येऊन गेला. मागच्याच महिन्यात पलीकडच्या चाळीतल्या एका जॉबरनं जिवाचं बरंवाईट करून घेतलं होतं. त्यामुळं आई रात्रंदिवस बाबांवर डोळा ठेवून असायची.

एका दुपारी हे आले. "सलाम, जॉबर," म्हणून समोर जमिनीवर बसले. सल्ला नाही, धीर नाही. बाबांच्या तोंडाकडे बघितलं आणि चष्मा काढला.

पाच मिनिटं गेली. बाबांनी मान वळवली.

"तू कित्याक रडतंस?"

ह्यांनी बाहीनं डोळे पुसले.

"नोकरी माझी गेली, मेल्या. तू कित्याक रडतंस?"

"माझीपण गेली की."

"मगे तुझ्यासाठी रड. माझ्यासाठी कित्याक?"

"माझ्यासाठी येत नाही," ते नाक ओढत म्हणाले.

ह्यावर बाबा भयंकर चिडले. बाप्या माणसानं असं रडू नये, बायकोनं काय करायचं, पोरांनी कुणाकडे बघायचं, मिल गेली तरी हातपाय गेलेत काय, असं अर्धा तास त्यांना झापलं. मग स्वतःचा टॉवेल त्यांच्या अंगावर टाकला आणि आईला म्हणाले, "दोघांका वाढ." आई स्वयंपाकघरात तोंडावर पदर धरून उभी होती. त्या दिवशी बाबा पोटभर जेवले.

ही बातमी चाळभर झाली. बायका येऊन विचारू लागल्या, "भाऊ, आमच्याकडं येऊन जाल का?" ते जात. जो पुरुष दिवसदिवस भिंतीकडे तोंड करून पडलेला असे, तो उठून ह्यांना समजवायला लागे. समजवता समजवता त्याचं बोलणं त्याचं त्यालाच पटे. पाळकसाहेबांना ते म्हणाले, "देवानं मला शहाणं केलं असतं तर मी सल्ले दिले असते. सल्ले कुणाला पाहिजे होते?" सकाळच्या प्रार्थनेतली ती जुनी मागणी त्यांनी बंद केली.

ते गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. पण मला ते आठवतात ते त्यांच्या घरच्या वहिनी वारल्या त्या दिवसांतले.

बायको गेली आणि ह्यांना रडू येईना. दफनाच्या वेळी नाही, घरी परतल्यावर नाही. कोरड्या डोळ्यांनी आल्यागेल्याला बसायला सांगत होते. चाळ घाबरली. तिसऱ्या दिवशी बाबा माझ्या हातात जेवणाचा डबा देऊन मला त्यांच्या खोलीत घेऊन गेले.

"रडत कित्याक नाय?"

"येत नाही, जॉबर. काढून घे, काढून घे म्हणत होतो ना. त्यानं आत्ता ऐकलं बहुतेक."

बाबांनी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. मग बाबांचाच ओठ वाकडा झाला. आजी गेली तेव्हा बाबा रडले नव्हते, मिल गेली तेव्हा रडले नव्हते. सवय नसल्यामुळं त्यांना धड रडताही येत नव्हतं. ठसका लागला, छाती धरावी लागली.

"अहो जॉबर, काय झालं? जॉबर!" ते घाबरून बाबांची पाठ चोळायला लागले. "असं करू नका. पोरगी बघतेय. पाणी देऊ का?" आणि बाबांना समजवता समजवता त्यांचा आवाज फुटला. तीन दिवसांचं सगळं एकदम आलं.

आवाज ऐकून दाराशी माणसं जमली आणि तिथंच घुटमळली. बाबांनी रडता रडताच मान वर केली आणि जुन्या जॉबरच्या आवाजात ओरडले, "बघतास काय? येवन बसा."

माणसं आत आली आणि बसली.