जादूघर आणि काकूंचा मोतीबिंदू

आमच्या शेजारच्या काकू पंचवटीत उतरणाऱ्या यात्रेकरूंना स्वयंपाक करून देत. त्यावरच त्यांचे पोट होते. १९३० नंतरच्या एक-दोन वर्षांत त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. तांदळातले खडे दिसेनात. एका यजमानाच्या दाताचा तुकडा पडला आणि कामे तुटू लागली.

मी तेव्हा फ्रीमेसन होतो, म्हणजे गुप्त विधी पाळणाऱ्या एका विलायती बंधुमंडळाचा सभासद. आमच्या लॉजमध्ये, म्हणजे मंडळाच्या नाशिक शाखेत, मालेगावचा मुसलमान सूतव्यापारी, पारशी वकील, गोरा इंजिनियर आणि माझ्यासारखा हिशेबतपासनीस एका टेबलाशी जेवत. बाहेर यांतले निम्मे एकमेकांच्या घरचे पाणी प्याले नसते. गरजूला मदत करायची आणि त्याचा गाजावाजा करायचा नाही, ही तिथली जुनी रीत. मी काकूंची हकीकत सांगितली. मुंबईचा डोळ्यांचा एक डॉक्टर आमच्यातलाच होता. तो नाशकात येणार होता, तेव्हा फुकट शस्त्रक्रिया करायला तयार झाला.

काकू मात्र तयार होईनात. आमच्या लॉजच्या इमारतीला गावात जादूघर म्हणत. तिथल्या माणसांचे उपकार घेतले की आत्मा त्यांच्या नावावर चढतो, असे काकूंनी घाटावर ऐकले होते.

"आधी सांग, आत कवटी आहे की नाही?"

आतले काही सांगायचे नाही, अशी मी शपथ घेतलेली. काही प्रश्नांना खुशाल 'नाही' म्हणता आले असते. पण तेवढ्यांनाच 'नाही' म्हटले, तर जिथे गप्प बसेन तिथे 'आहे' असा हिशेब आपोआप निघणार. सबब कशालाच उत्तर द्यायचे नाही, असे मी ठरवले. काकूंनी तलवारीचे विचारले, मी गप्प. बिनमुंडक्याच्या साहेबाचे विचारले, तरीही गप्प.

"म्हणजे सगळंच आहे," काकू म्हणाल्या. "मी आंधळी बरी."

डॉक्टर यायच्या आदल्या दिवशी लॉजची सभा होती. सभेला आम्ही पांढरा अ‍ॅप्रन बांधत असू. विलायतेतल्या जुन्या पाथरवटांच्या मंडळ्यांची ती आठवण. त्यात गुप्त काही नाही. तो कोकराच्या कातड्याचा असतो हे घरात कोणी विचारले नव्हते, म्हणून मी सांगितले नव्हते. तो मळला आहे असे पाहून पत्नीने सोडा घालून उकळला आणि वाळत टाकला. संध्याकाळी तिने माझ्या हातात भाजलेल्या पापडासारखे काहीतरी ठेवले.

"कापड खोटं निघालं. कुठून आणलंत?"

"ते कापड नाही. कातडं आहे."

तिने दोन्ही हात अंगापासून दूर धरले. मग म्हणाली, "मी ते सोवळ्याच्या वलणीवर वाळत घातलं होतं."

पुढचे मी लिहीत नाही. वलणीवरचे सगळे सोवळे पुन्हा धुवायला गेले, तिला भरसंध्याकाळी डोक्यावरून अंघोळ करावी लागली आणि त्या सबंध वेळात मी एकही वाक्य पुरे करू शकलो नाही. ओसरीवर बसलेल्या काकूंनी हे पहिल्यापासून ऐकले.

"हे तुम्ही तिथं पोटाला बांधता?" त्यांनी विचारले.

"हो."

"वकीलसाहेबसुद्धा?"

"सगळेच."

"आणि सगळ्यांच्याच बायका अशा बोलतात?"

याबद्दल शपथ नव्हती. "मुसलमान व्यापाऱ्याचं माहीत नाही," मी म्हणालो, "बाकीच्यांच्या बोलतात."

काकू पदराआड पोटभर हसल्या. म्हणाल्या, "घरच्या बाईपुढं ज्यांचं तोंड उघडत नाही, ते माझा आत्मा काय नेणार? सांग तुझ्या डॉक्टरला, येते म्हणून."

उजवा डोळा उत्तम झाला. डावा पुढच्या खेपेला करायचे ठरले. जाड भिंगाचा चष्मा लावून काकू प्रथम आमच्याच घरी आल्या. देवघरातली जळमटे, डब्यांवरचा ओशटपणा आणि माझ्या पत्नीने निवडून ठेवलेल्या तांदळातले सात-आठ खडे त्यांनी बसल्या बैठकीला दाखवून दिले.

त्या गेल्यावर पत्नी म्हणाली, "अहो, तुमच्या लॉजला सांगा, दुसऱ्या डोळ्याची काही घाई नाही."