तोंडातल्या टाचण्या

...तर तेव्हा माझ्या तोंडात टाचण्या होत्या. काल नेमकं हेच सांगायचं राहिलं. बाकीची हकिगत ऐकून तुम्हाला वाटलं असेल, आमच्या दुकानातल्या मावशीच आगाऊ. छे हो! आगाऊ मी.

शिंप्याला हात दोनच. एकात कापड, दुसऱ्यात टेप. मग टाचण्या धरायच्या कुठे? ओठांत. मी पाच-पाच, सहा-सहा धरायचो आणि त्याचा मला मोठा अभिमान होता. गावच्या शाळेत गुरुजी म्हणायचे, "याचं तोंड शिवून टाका रे कुणीतरी." पुढे ते काम मीच केलं.

टाचण्या धरलेल्या तोंडातून एकच शब्द बाहेर पडतो: "हं." दुकानात कुणीही काहीही विचारो, माझं उत्तर "हं." माझ्या मते माझ्याकडे चार प्रकारचे हं होते. एक होकाराचा, एक नकाराचा, एक 'पुढे बघू'चा आणि एक 'काय म्हणालात?'चा. मला वाटायचं, लोकांना फरक कळतो. गवयाला नाही का वाटत, आपण सुरात आहोत!

मावशी माझ्याकडे तेरा वर्षं काजं करत होत्या. वयाने माझ्याहून दहा वर्षांनी लहान, पण सगळं दुकान मावशी म्हणायचं म्हणून मीही म्हणायचो. बोटात अंगुस्तान घालून खिडकीपाशी बसायच्या, दिवसाला साठ काजं. एकेक काज असं, की बटण आपणहून आत शिरावं. बोलणं बेताचं आणि एक नेम ठरलेला: कुठलीही गोष्ट तीनदा विचारायची. चौथ्यांदा नाही. म्हणायच्या, "तीनदा विचारलं की विचारणं, चौथ्यांदा विचारलं की गयावया."

पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी एका गिऱ्हाइकाच्या पाठीवर माप घेत होतो. "मास्तर, काजं खूप झाली. आता कात्री धरू का?"

"हं." म्हणजे, ऐकलं.

महिन्याभराने परत. "घरी कागदावर कापून बघितलंय, मास्तर. आता कापडावर शिकू का?"

"हं." म्हणजे, बाही लावतोय, मध्ये बोलू नका.

तिसऱ्यांदा विचारलं त्या दिवशी टेबलावर वकीलसाहेबांच्या कोटाचं कापड पसरलेलं होतं. उभ्या पट्ट्यांचं, भारी. मी अस्तर आणायला निघालो होतो. आधीच्या कामातल्या टाचण्या अजून तोंडातच. मावशी म्हणाल्या, "तुम्ही येईपर्यंत मी हा कोट कापून ठेवू का?"

मशीनच्या खडखडाटात मला नीट ऐकू आलं नाही. मी म्हणालो, "हं?"

आता त्या हं-च्या शेवटी प्रश्नचिन्ह होतं, हे मी देवाशपथ सांगतो. पण टाचण्यांना कुठली विरामचिन्हं?

परत आलो तो कोट कापलेला. पुढचे भाग, पाठ, बाह्या, कॉलर, सगळे तुकडे ओळीने मांडलेले आणि मावशी वाकून खडूची रेघ झटकत होत्या. आणि नेमके त्याच वेळी वकीलसाहेब दारात उभे! आतून एक जास्तीचा खिसा हवा, एवढंच सांगायला आले होते.

माझं डोकं फिरलं. "कुणाला विचारून कात्री लावलीत?"

"तुम्हाला."

"मी कधी हो म्हणालो?"

"तीनदा."

मशीनवाला मान वर न करता म्हणाला, "मास्तर, तिन्ही वेळा मी इथेच होतो. तुम्ही हं म्हणालात."

"तू टीप मार!"

वकीलसाहेबांना फुकटचा खटला मिळाला. टेबलावर बोटं टेकवून त्यांनी विचारलं, "साक्षीदाराने स्पष्ट सांगावं. 'हं' हा होकार धरायचा की नकार?"

रागाच्या भरात मी टेबलावरच्या टाचण्या उचलून सवयीने तोंडात घातल्या होत्या. मी उत्तर दिलं, "हं."

मशीनवाला हसून हसून स्टुलावरून घसरला. वकीलसाहेब भिंतीला टेकले. मावशी मात्र हसल्या नाहीत. हसं झालं माझं, आणि ते मला झोंबलं. टाचण्या हातावर थुंकून मी म्हणालो, "काजं करणाऱ्याने काजंच करावीत!"

बघा, तोंड मोकळं झालं तर त्यातून हे निघालं.

मावशींनी अंगुस्तान काढून टेबलावर ठेवलं. "मग काजं करणारी दुसरी बघा," म्हणाल्या आणि पायऱ्या उतरून गेल्या.

त्या गेल्यावर मी टेप घेऊन त्या तुकड्यांवर तुटून पडलो. एक तरी चूक सापडू दे, मग बघतो! छाती बरोबर. बाही बरोबर. खिशावरचा पट्टा पुढच्या भागावरच्या पट्ट्याला असा मिळालेला, की खिसा शोधावा लागावा. शेवटी डाव्या खांद्यापाशी अर्धा इंच फरक दिसला आणि मी ओरडलो, "सापडली!"

वकीलसाहेब आपला खांदा चोळत म्हणाले, "मास्तर, माझा डावा खांदा उतरता आहे. विसरलात?"

विसरलोच होतो. माझ्या वहीत त्याची नोंद नव्हती. तेरा वर्षं त्यांच्या कोटांना बटणं लावणाऱ्या बाईच्या नजरेत मात्र ती होती. मी कापला असता तर कोट वाकडा झाला असता आणि मी म्हणालो असतो, साहेब, ताठ उभे राहा.

घरी जाऊन सगळं बायकोला सांगितलं. वाटलं, ती तरी माझी बाजू घेईल. ती म्हणाली, "दुकानात निदान टाचण्या तरी असतात. घरी तर तुम्ही रिकाम्या तोंडाने हं म्हणता."

दुसऱ्या दिवशी सकाळी, सवयीने सदऱ्याच्या खिशात टाचण्या टाकून, मावशींच्या दारात गेलो. दोन खोल्या, वरचा मजला. भिंतीवरच्या खिळ्याला वर्तमानपत्राचे कापलेले आकार अडकवलेले. सदरा, कॉलर, कोटाची पाठ. खालचे कागद पिवळे पडलेले. ही बाई किती वर्षं कागदावर कोट कापत होती आणि मी तिला विचारलंही नव्हतं! मावशी जमिनीवर बसून शेजारणीच्या पडद्याला दुमड घालत होत्या. तोंडात टाचण्या.

मी म्हणालो, "मावशी, काल नको ते बोललो. चुकलो. कटिंगचं टेबल आजपासून तुमचं. येता ना परत?"

"हं."

मी उभाच. हा कुठला हं? होकार म्हणावा तर सुई थांबली नव्हती. नकार म्हणावा तर 'बसा' अशी मान हलली होती. की ती मान दोरा तोडायला हलली? दुसऱ्यांदा विचारलं.

"हं."

घाम फुटला हो मला. तेरा वर्षं माझ्या दुकानातली माणसं अशी उभी राहत होती आणि मी समजत होतो, आमच्यात किती छान समज आहे, फार बोलावं लागत नाही! तिसऱ्यांदा विचारताना माझा आवाज गयावयाच्या अगदी सीमेवर होता. "मावशी, याल का हो?"

त्यांनी ओठांतून एक टाचणी काढली. पडद्यात खोचली. दुसरी काढली. तिसरी. सगळ्या खोचून झाल्यावर माझ्याकडे बघत म्हणाल्या:

"येते, मास्तर. पण आधी सदऱ्याच्या खिशातल्या टाचण्या इथे काढून ठेवा आणि मी एकदाच विचारते, त्याचं मोकळ्या तोंडाने उत्तर द्या. वकीलसाहेबांचा डावा खांदा तुम्ही विसरला होतात की नाही?"