गोणपाटात गुंडाळलेलं क्राऊन-पिनियन

मामा गेल्याचा निरोप मला गिरडला, पोस्टातल्या फोनवर मिळाला. दारूच्या गुत्त्यांविरुद्ध बायकांची सभा घ्यायला आम्ही तिथे गेलो होतो आणि माझ्या बगलेत पत्रकांचा गठ्ठा होता. पलीकडून गजानन, मामांचा मुलगा, एवढंच म्हणाला, "बाबा सकाळी गेले. झोपेतच." मी "येते" म्हटलं, फोन ठेवला आणि... खरं लिहायचं तर मला हलकं वाटलं. ज्या माणसाच्या खांद्यावर बसून मी पोळा पाहिला, त्याच्या जाण्यानं हलकं कसं काय वाटतं, हे एस.टी.त बसल्यावर वर्ध्यापर्यंत स्वतःला विचारत राहिले. आज पाच आठवडे झाले. रडून झालं आहे. ते हलकं वाटणं मात्र गेलेलं नाही, आणि आता मला त्याची लाजही वाटत नाही.

दौलतमामा मूळचे आंजी मोठीचे. तिघे भाऊ शेतात राबायचे. मामा मात्र एकदा बंद पडलेल्या जीपखाली शिरले ते बाहेर आलेच नाहीत, असं आई म्हणायची. वर्ध्याहून सिंदी मेघेकडे जाताना त्यांचं टिनाचं गॅरेज होतं. इंजिनाची कामं करणारे मिस्तरी गावात बरेच होते, पण गाडीच्या मागच्या धुऱ्यातले दात बसवायचे असले की नागपूरची गाडीसुद्धा मामांकडे यायची. लोकांना वाटतं, वेग इंजिनात असतो. मामांना ते मान्य नव्हतं. इंजिनाकडून येणारा लांब शाफ्ट मागे पिनियन नावाचं छोटं दातेरी चाक फिरवतो, पिनियन मोठ्या क्राऊनला फिरवतो आणि क्राऊन गाडीच्या चाकांना. शाफ्टच्या किती फेऱ्यांत चाक एकदा फिरायचं, हे या दोघांच्या दातांवर ठरतं. फेऱ्या जास्त असल्या तर गाडी जागची उसळून निघते, पण लवकर धापा टाकते. फेऱ्या कमी असल्या तर निघताना आळस करते, पण मोकळ्या रस्त्यावर लांब पळते. दोन्ही एकदम मागणाऱ्याला मामा म्हणायचे, "मंग दोन गाड्या घे ना बाप्पा!"

कोणते दात घालायचे हे मामा पुस्तकात बघून ठरवत नसत. मालकाला चालवायला लावून स्वतः शेजारी बसत, आंजीपर्यंत जाऊन येत, आणि त्या सगळ्या वेळात रस्त्याकडे न बघता त्या माणसाच्या पायाकडे बघत. पाय किती उतावळा आहे, ब्रेककडे कधी वळतो, चढावर काय करतो... मग खाली उतरून सांगत. दात बसवून झाले की त्यांना तेलात कालवलेला शेंदूर लावत. मी सोळा वर्षांची असताना ते पाहून माझं डोकं फिरलं होतं. आमच्या मास्तर वडिलांनी मला मुळाक्षरं पत्रकांवरून शिकवलेली. अंधश्रद्धेवरचं अख्खं पत्रक मी मामांना तोंडपाठ ऐकवलं. ते शांतपणे क्राऊन फिरवत होते. पिनियननं जिथे जिथे शेंदूर पुसला तिथे चकचकीत ठसा उमटला. "दात कुठं टेकून राह्यले ते दिसते याच्यात," ते म्हणाले. "पूजा नाई वं पोरी, तपासणी हाये. पण भाषण चांगलं करतं तू."

ऐंशी साल नुकतंच मागे पडलं होतं तेव्हाची गोष्ट. मी कॉलेजात होते. एका ठेकेदाराचा मुलगा मामांकडे अँबॅसेडर घेऊन आला. त्याला मी इथे सतीश म्हणते. गाडीला नागपुरात वेगासाठी दोन कार्बोरेटर लावून, इंजिनाचं हेड घासून आणलेलं. सोबत त्यानं स्वतः मिळवलेला क्राऊन-पिनियनचा जोड होता. क्राऊन त्रेचाळीस दातांचा, पिनियन दहाचा. म्हणजे शाफ्टच्या सव्वाचारच्या वर थोड्या फेऱ्या, आणि मोकळ्या रस्त्यावर लांब पळणारी गाडी. एका तासाच्या आत नागपूर गाठायचं, एवढंच त्याला हवं होतं. मामा शेजारी बसून आंजीला जाऊन आले. चार दिवसांनी गाडी तयार झाली. सतीशनं ती रस्त्यावर काढली आणि परत येऊन मामांना मिठीच मारली. "मिस्तरी, काय उचलते यार! एकशेतीसले काटा टेकला!"

त्याच महिन्यात मी 'रस्ता कोणाच्या बापाचा?' हे पत्रक काढलं. ज्या रस्त्याच्या कडेला चालायला हातभर जागा ठेकेदारानं सोडली नाही, त्याच रस्त्यावर त्याचा मुलगा मजूर बायकांच्या अंगावर धुरळा उडवत जातो, असं त्यात होतं. त्यातला शब्दही मी आज मागे घेत नाही. पण शेवटी एक ओळ होती: 'आणि त्यांच्या चाकांना धार लावून देतात ते आमचेच हात.' ते पत्रक मी स्वतः गॅरेजच्या दाराला चिकटवलं. मामांनी चष्मा लावून ते पूर्ण वाचलं. मला वाटलं, आता भांडतील. ते म्हणाले, "अक्षर बारीक झालं. मजुराले वाचता नाई येत एवढं बारीक." वर्षभर त्यांनी ते काढलं नाही.

गेल्या दिवाळीनंतर मामांची छाती अगदीच धरली. खाट गॅरेजातच टाकून घेतली होती. एके दिवशी त्यांनी मला बोलावलं आणि बाकाखालून गोणपाटाचं एक गाठोडं ओढायला सांगितलं. मला उचललं नाही. आत तेल लावून ठेवलेला क्राऊन-पिनियनचा जोड होता, त्रेचाळीस आणि दहाचा. सतीशचा.

"हे त्याच्या गाडीत बसवलंच नाई मी," मामा म्हणाले. जुन्या टॅक्सीतून निघालेला एकोणचाळीस आणि आठचा जोड त्यांनी घातला होता. शाफ्टच्या जवळजवळ पाच फेऱ्या. म्हणून गाडी उसळत होती आणि पुढे नुसतीच किंचाळत होती. आणि काटा? काटा शाफ्टवरून मोजतो, चाकावरून नाही. दात बदलले की काट्याची छोटी गियरही बदलावी लागते. मामांनी ती मुद्दाम तशीच ठेवली. एकशेतीस दिसत होते तेव्हा गाडी एकशेवीसच्या आसपास होती.

मी खाटेवर बसले. माझ्या पत्रकातली शेवटची ओळ माझ्याच तोंडावर आली होती... आणि हा माणूस सात वर्षं गप्प होता!

"सतीशले बोलाव," मामा म्हणाले. "त्याची वस्तू हाये. मले सांगून जाचं हाये."

गजानन हातातला पाना आपटून आला. "बाबा, तो गावभर सांगन! मिस्तरी आपला माल ठेवून दुसरा घालते म्हणन. उद्या कोण येईन इथं? मले चालवाचं हाये हे गॅरेज."

त्याचं चूक नव्हतं. आणि मी, जिनं आयुष्यात एकही खोटं खपवून घेतलं नाही, मी म्हणाले, "मामा, त्याची गाडी कमी पळाली म्हणून कोणाचं तरी भलंच झालं असेल. राहू द्या ना."

मामा हसले, हसताना खोकले. "पाहा गजानन, पत्रकवाली मले खोटं ठेव म्हणून राह्यली!"

सतीश आला. पोट सुटलेलं, केस मागे सरकलेले. मामांनी गाठोडं दाखवून सगळं सांगितलं. तो एकदम उसळला, "मिस्तरी, मी नागपूरच्या पोराईशी पैज लावली होती! तीनदा हारलो! ड्रायव्हिंग कच्ची म्हणून हासले माह्यावर!"

"हो. मी हारवलं तुले."

"काऊन पण?"

"आंजीच्या शाळेपाशी तुहा पाय ब्रेककडं गेलाच नाई. दोनदा पाह्यलं मी. मले वाटलं, या पायाले आणखी जागा देऊ नये." मामा थांबले. दम लागला होता. "पण ते तुले तोंडावर सांगाचं होतं. नाई बसवत म्हणाचं होतं. तू दुसऱ्याकडून बसवून घेतलं असतं, हे तर होतंच... पण गिऱ्हाईक जाईन, हे बी होतं मनात. हे खोटं हाये माह्यं. मी चुकलो."

सतीश जोड न घेताच निघून गेला. दार असं लावलं की टिनं वाजली. "झालं समाधान?" गजाननानं विचारलं, मामांना की मला, कळलं नाही. मामा मात्र भिंतीकडे वळून गाढ झोपले, खोकल्याशिवाय.

खोटं ते खोटं, हे माझं मत आजही आहे. मामांचंही तेच होतं, म्हणून तर हे सगळं झालं. त्या दोन-तीन दिवसांत मी त्यांना म्हणाले की मी पत्रकाची दुरुस्ती छापते. "काऊन?" मामा म्हणाले. "बाकी खरंच होतं ना. लोकं अजून बी रस्त्याच्या कडेनं मातीतच चालतात. ते एक ओळ काढजो फक्त. आन अक्षर मोठं घेजो."

चौथ्या दिवशी अँबॅसेडर दारात उभी राहिली. सतीश उतरला. "माफ नाई केलं हां मिस्तरी. पण बसवून द्या तो जोड."

"आता कोणाशी पैज?"

"कायची पैज! पोरगी मागं बसते, म्हणते बाबा गाडी लय ओरडते."

मामा उठूनच बसले. लांब पळणारे ते दात शांत माणसासाठीही तितकेच चांगले; गाडी सत्तरच्या वेगानं जाते आणि इंजिनाला कळतसुद्धा नाही. दोन दिवस गजानन खाली झोपून काम करत होता आणि मामा खाटेवरून त्याला शिव्या देत होते. "आन या वेळेस काट्याची गियर बी बदल," ते तीनदा म्हणाले. मग सतीशनं त्यांना पुढच्या सीटवर बसवून आंजीपर्यंत नेऊन आणलं. परत आले तेव्हा मामांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता इतका मोकळा होता. "शाळेपाशी थांबला," एवढंच म्हणाले. त्यानंतर नऊ दिवसांनी ते गेले.

सतीशनं गावभर काही सांगितलं की नाही, मला माहीत नाही. गॅरेजात गाड्या येत आहेत.

परवा मी तिथे गेले होते. खाट उचलली होती. गजानन बाकाखालचं झाडत होता. सगळी जमीन वंगणानं काळी झालेली, फक्त जिथे ते गोणपाट सात वर्षं पडून होतं तिथे सिमेंटचा मूळचा रंग दिसत होता, पाटाएवढा, अगदी स्वच्छ. आम्ही दोघं तिकडे बघत उभे राहिलो...

"पान्यांची पेटी इथं सरकवू काय?" गजाननानं विचारलं.

"सरकव ना," मी म्हटलं आणि एका बाजूनं हात लावला.